चाळीस किलोमीटरची गाडी आणि दोन किलोमीटरचा रस्ता

पत्र थोडक्यात : कोथरूडमधल्या ६६ वर्षांच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका ताईंचं हे पत्र आहे. दोन वर्षांच्या असताना पोलिओ झाला. तेव्हापासून डाव्या पायाला कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) आणि उजव्या हातात कुबडी. नोकरीची सगळी वर्षं साइड व्हील लावलेल्या स्कूटरवर काढली, आधी कायनेटिक आणि मग अ‍ॅक्टिव्हा. अलीकडे उजवा खांदा दुखायला लागला, 'चांगल्या' पायातलाही जोर कमी झाल्यासारखा वाटतो, म्हणून गाडी बंद केली. आता वाण्याकडे जायचं तरी कुणाची तरी वाट बघावी लागते. बंगळूरला असलेला मुलगा मोबिलिटी स्कूटर, म्हणजे चालणं अवघड असणाऱ्यांसाठीची, खुर्चीत बसून हँडलने चालवायची बॅटरीवरची गाडी, घेऊन द्यायला तयार आहे. त्याने चार चाकांची, एका चार्जिंगमध्ये चाळीस किलोमीटर जाणारी मोठी गाडी पसंत केली आहे. दुकानदार म्हणतो, घडी होणारी तीनचाकी घ्या, लिफ्टमध्ये मावेल. यजमान म्हणतात, "एकदा बसायची सवय लागली की आहे ते चालणंही जाईल." ताई विचारतात : यातली कुठली घेऊ? आणि मुळात घेऊ का?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात 'कुठली घेऊ' याला दीड पान आहे आणि 'घेऊ का' याला एक ओळ. मी त्या एका ओळीपासून सुरुवात करते. तो प्रश्न मनात तसाच राहिला तर कितीही चांगली गाडी आणली तरी ती पार्किंगमध्ये धूळ खात उभी राहील.

यजमानांचं म्हणणं खोटं नाही, पण ते तुम्हाला लागू पडेलच असं नाही. गुडघे झिजलेल्या माणसाने चालणं टाकलं की मांडीचे स्नायू सैल पडतात आणि दुखणं वाढतं, हे खरं. त्यांनी आजूबाजूला तेच पाहिलं असणार. पोलिओचं गणित वेगळं आहे. पोलिओत मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरतात. ज्या वाचतात त्या नवे फाटे फोडून मेलेल्या पेशींचं कामही अंगावर घेतात. असं जादा काम कित्येक वर्षं केल्यावर त्या थकायला लागू शकतात. मग नव्याने अशक्तपणा येतो, थोड्याशा कामाने गळून गेल्यासारखं होतं, स्नायू दुखतात, थंडी फार बाधते. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. ज्याला आपण जन्मभर 'चांगला पाय' म्हणतो त्यालाही लहानपणी थोडा फटका बसलेला असू शकतो, आणि सगळा भार त्यानेच वाहिलेला असतो. अशा शरीराला 'रेटून चाला, सवय होईल' हा सल्ला उपयोगी पडत नाही, उलट नुकसान करू शकतो.

तुम्हाला तेच झालंय असं मी पत्रावरून ठरवत नाही. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, मणक्याचा त्रास यांतूनही असा थकवा येतो आणि तो आधी तपासावा लागतो. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ साली आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामुळे हा विषय संपला असं सगळ्यांनाच वाटतं, आणि तुमच्या पिढीच्या तक्रारी 'वयाचं आहे' म्हणून बाजूला पडतात. म्हणून फक्त हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन थांबू नका. फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन या शाखेचे डॉक्टर असतात, त्यांना गाठा. त्यांना स्पष्ट विचारा की दिवसाला किती चालणं माझ्या फायद्याचं आणि किती तोट्याचं. जाताना यजमानांना सोबत न्या. हे उत्तर त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं बरं.

तोवर एवढं लक्षात घ्या. चालण्याची ताकद मोजकी असेल तर ती कुठे वापरायची हे तुम्ही ठरवायचं. वाण्याकडे जाऊन येण्यात ती संपवायची आणि घरी येऊन दुपारभर पडून राहायचं, की जाणं-येणं गाडीवर करून घरात, स्वयंपाकघरात, गॅलरीत, फिजिओथेरपिस्टने नेमून दिलेल्या व्यायामात ती वापरायची? गाडीवर बसल्याने तुमचं चालणं बंद होत नाही. ते कुठे करायचं, एवढंच बदलतं. साइड व्हीलच्या स्कूटरवर बँकेत गेलात तेव्हा कुणी म्हणालं नाही की चालण्याची सवय जाईल.

आणि यजमानांच्या वाक्याखाली आणखी काही आहे का, तेही बघा. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की ते संध्याकाळी एकटेच फिरायला जातात. मोबिलिटी स्कूटर ताशी चार-पाच किलोमीटरवर सावकाश चालवता येते. माणूसही साधारण त्याच वेगाने चालतो. तुम्ही दोघं पुन्हा बरोबर फिरायला जाऊ शकाल, ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली नसेल. तुम्ही सांगा.

आता गाडी. मुलगा चाळीस किलोमीटर म्हणतो, दुकानदार लिफ्ट म्हणतो. दोघंही गाडीपासून सुरुवात करतायत. मी म्हणेन, एक आठवडा एका वहीत लिहा : कुठे कुठे जावंसं वाटलं. जाता आलं ते नव्हे, जावंसं वाटलं ते. वाणी, भाजी, बँक, वाचनालय, मैत्रिणीचं घर, फिजिओथेरपी, देऊळ. माझा अंदाज आहे की यातली बहुतेक ठिकाणं जाऊन-येऊन दोन-तीन किलोमीटरांत बसतील. लांबच्या कामाला रिक्षा आहेच, आणि कोथरूडच्या लोकांना वनाझ ते रामवाडी मेट्रोही आहे. स्टेशनांवर लिफ्ट आहेत. गाडी आत नेता येईल का, हे मात्र गर्दी नसलेल्या वेळी स्टेशनवर जाऊन आधी विचारून घ्या.

चाळीस किलोमीटरला मोठी बॅटरी लागते, मोठ्या बॅटरीला मोठी गाडी. अशा गाड्या सव्वा-दीड मीटर लांब असतात, आणि जड इतक्या की अडल्या तर दोन माणसांनाही उचलत नाहीत. दुसरीकडे, कंपनी जो आकडा छापते तो सपाट रस्ता, हलका माणूस आणि नवी बॅटरी धरून. आपल्या खड्ड्यांच्या, चढ-उताराच्या रस्त्यावर त्याच्या निम्मं ते दोनतृतीयांश धरून चला. म्हणजे छापील पंधरा ते वीस किलोमीटर तुम्हाला पुरून उरतात. मुलाचा आग्रह काळजीपोटी आहे, आई वाटेत अडकू नये म्हणून. पण बॅटरी संपण्यापेक्षा गाडी वळवता न आल्याने किंवा खाली आपटल्याने अडकायची शक्यता आपल्याकडे जास्त.

यानंतर टेप घ्या आणि पलंगापासून रस्त्यापर्यंत सगळं मोजा. घराचं दार, पॅसेजचं वळण, लिफ्टचं दार, लिफ्टची आतली लांबी. जुन्या सोसायट्यांच्या लिफ्ट चार-सहा माणसांच्या असतात. त्यांची आतली लांबी-रुंदी पुष्कळदा मीटर-सव्वा मीटरच्या आत भरते आणि दार ७० सेंटिमीटरच्या आसपास. जाळीची दारं असतील तर ती लावून घेऊन मोजा, कारण ती आत जागा खातात. लिफ्ट मजल्याशी बरोबर थांबते का, की दोन बोटं वर-खाली राहते, तेही पाहा. छोटी चाकं तिथेच अडतात. मुलाची गाडी यात मावणार नाही. पण म्हणून दुकानदाराची घडीची गाडी घ्यायलाच हवी, असंही नाही. तुम्ही कुबडीवर लिफ्टने खाली येऊ शकता. गाडी खाली पार्किंगमध्येच का ठेवू नये? त्यासाठी सोसायटीकडून तीन गोष्टी लागतील : छपराखालची जागा, तुमच्या मीटरवर जोडलेला चार्जिंगचा पॉइंट आणि पायऱ्यांना रॅम्प. रॅम्पला एकास बारा हे प्रमाण असतं. दोन पायऱ्या मिळून ३० सेंटिमीटर उंची असेल तर रॅम्प ३.६ मीटर लांब हवा. जागा नाही म्हणून मीटरभराची फळी टाकून देतात, ती घेऊ नका. तसल्या चढावर गाडी मागे कलंडते. आणि कोथरूडमध्ये पुनर्विकासाची इतकी कामं चालली आहेत. तुमची इमारत त्या रांगेत असेल तर रॅम्प, ९० सेंटिमीटरची दारं आणि लांब लिफ्ट करारात आत्ताच लिहून घ्या. नकाशे मंजूर झाल्यावर कुणी ऐकत नाही.

घडीच्या गाडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती मुलाच्या गाडीच्या डिकीत टाकून मॉलमध्ये न्यायला उत्तम. रोज गल्लीबोळांतून फिरायला नाही. तिची चाकं छोटी असतात, पोट जमिनीपासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटर वर असतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, म्हणजे चढ-उतार लांबट आणि सौम्य. आपल्या गल्ल्यांतले गतिरोधक कसे आहेत ते तुम्ही कायनेटिकवरून पाहिलंच आहे : आखूड, उंच, एखाद्या रात्री कुणीतरी डांबर ओतून केलेले. त्यावर घडीची गाडी पोटावर बसते आणि चाकं हवेत फिरत राहतात. शिवाय तिची घडी कोण घालणार? पंचवीस-तीस किलोंचं धूड दुखऱ्या खांद्याने तुम्ही उचलणार नाही, आणि दर वेळी यजमानांनी उचलायचं असेल तर 'कुणाची तरी वाट बघणं' काही सुटलं नाही.

तीन चाकं की चार, यात मी तुमच्यासाठी चारकडे झुकते. तीनचाकी कमी जागेत वळते, पायाला पुढे जागाही जास्त मिळते. पण फुटपाथच्या कडेवरून एक चाक घसरलं किंवा उतारावर झपकन वळवलं तर ती आडवी होते. अशा वेळी धडधाकट माणूस पटकन पाय टेकतो. तुमचा डावा पाय तसा टेकत नाही. हा फरक शोरूममध्ये कुणी सांगणार नाही. मध्यम आकाराची, साधारण सव्वा मीटरच्या आतली चारचाकी, चाकं २० ते २५ सेंटिमीटरची, जमिनीपासून ८ ते १० सेंटिमीटर उंची, सीटखाली किंवा चाकांना स्प्रिंग : अशी गाडी शोधा. हवेचे टायर धक्के कमी करतात, पण पंक्चर होतात, आणि त्या मापाची ट्यूब कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नसते. तेव्हा घेतानाच दोन ट्यूब जास्तीच्या मागून घ्या, किंवा भरीव टायर आणि मऊ सीट असा मेळ घाला.

यानंतरची गोष्ट फक्त कॅलिपर वापरणाऱ्यांसाठी, पण फार महत्त्वाची आहे. गाडीवर कॅलिपर घालून बसून बघा. गुडघ्याचं लॉक लावलेलं असताना तुमचा पाय सरळ पुढे येतो. चारचाकी गाड्यांत पुढची दोन चाकं आणि हँडलचा दांडा यांच्यामुळे पायाची जागा कमी असते, आणि पाय हँडलवर आदळला तर गाडी वळतच नाही. लॉक लावून, लॉक काढून, दोन्ही तऱ्हांनी बसा. सीट बाजूला फिरते का आणि फिरवल्यावर तिथेच पक्की अडकते का, हात टेकायच्या दांड्या वर उचलता येतात का, कुबडी ठेवायला मागे क्लिप आहे का, हे पाहा. उठताना दुखऱ्या खांद्यावर भार न देता उठता येतंय का, हे तर आधी पाहा.

खांद्याचंच पुढे. या गाडीचं हँडल दोन्ही हात पुढे धरून चालवावं लागतं. पाच मिनिटं बरं वाटेल, म्हणून वीस मिनिटं चालवून बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा काय म्हणतो ते पाहा. पूर्ण गोल, लूपसारखं हँडल असेल तर कुठूनही धरता येतं, कोपर जवळ ठेवता येतं. तरीही खांदा कुरकुरत असेल तर गाडीचा प्रकारच बदला आणि जॉयस्टिकची पॉवर व्हीलचेअर बघा. ती एका हाताने, हात दांडीवर टेकवून चालते. ज्या वाचकांना बसून तोल सांभाळणं जड जातं, किंवा घरातही चालता येत नाही, त्यांनी स्कूटरच्या मागे लागूच नये. त्यांची गरज पॉवर व्हीलचेअरची आहे. आणि जे हाताने चालवायची व्हीलचेअर वापरतात, ज्यांच्या हातांत जोर आहे, त्यांच्यासाठी व्हीलचेअरला पुढून जोडायची मोटर मिळते. आयआयटी मद्रासमध्ये घडलेली निओबोल्ट त्यातलीच.

तुम्ही इतकी वर्षं स्कूटर चालवलीत, याचा फायदा आहे आणि एक धोकाही. धोका असा. अ‍ॅक्टिव्हावर घाबरलात की हात आपोआप लिव्हर दाबतो, कारण तो ब्रेक असतो. मोबिलिटी स्कूटरवर हँडलखालची पट्टी दाबली की गाडी पळते आणि सोडली की थांबते. मोटरमधला विद्युतचुंबकीय ब्रेक हात सोडताच लागतो. म्हणजे कुत्रं आडवं आलं की तुमचा तीस वर्षांचा सराव नेमकं उलटं करायला लावेल. तेव्हा रस्त्यावर नेण्याआधी रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये यजमानांना अचानक समोर हात करायला सांगा आणि 'सोड' हा एकच धडा हातात बसेपर्यंत गिरवा. वेगाचं बटण कासवाच्या चित्रावर, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर ठेवा. गतिरोधकावर आपण दुचाकी तिरकी घालतो, तसं इथे करू नका, सरळ समोरून चढा. आणि मागे एक न्यूट्रलचा खटका असतो, गाडी ढकलायला. तो ओढला की ब्रेक पूर्ण सुटतो. उतारावर त्याला कुणी हात लावायचा नाही, मदत करायला धावलेल्या माणसानेही नाही. वर चिकटपट्टी लावून मराठीत लिहून ठेवा.

कुठून जायचं? कर्वे रस्त्यावरच्या वाहतुकीत नाही. मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनीसारख्या भागांत आतले रस्ते पुष्कळ आहेत, तेच धरा, जरा लांबचे पडले तरी. फुटपाथवर चढायला एका टोकाला उतार असतो आणि दुसऱ्या टोकाला नसतो, किंवा दुचाक्या येऊ नयेत म्हणून रोवलेल्या खांबांत तुमची गाडी मावत नाही. म्हणून खरेदीआधी यजमानांनी एकदा तोच टेप घेऊन तुमच्या ठरलेल्या रस्त्याने चालून यावं आणि सगळ्यात अरुंद फट मोजावी. गाडी दिवसाही दिसावी म्हणून मागे उंच काठीवर झेंडा लावा, आरसा लावा. पावसाळ्यात साठलेल्या पाण्यात घालू नका. मोटर आणि कंट्रोलर (मोटरला लागेल तशी वीज सोडणारा भाग) खालीच असतात, आणि पाण्याखालचा खड्डा दिसत नाही.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरची ताकद पाव किलोवॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोंच्या आत असेल तर अशी बॅटरीवरची गाडी मोटार वाहन धरली जात नाही. मोठ्या गाड्या वजनात किंवा मोटरच्या ताकदीत या मर्यादा ओलांडू शकतात. विक्रेत्याकडून हे आकडे बिलावर लेखी घ्या.

पैशांचं म्हणाल तर या गाड्या साधारण पाऊण लाखापासून अडीच-तीन लाखांपर्यंत जातात, पण किमतीपेक्षा मी दुरुस्ती आधी विचारेन. पुण्यात घरी येऊन दुरुस्त करणारा माणूस आहे का? कंट्रोलर बिघडला तर किती दिवसांत येतो? लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या जड आणि स्वस्त असतात आणि दोन-तीन वर्षांत बदलाव्या लागतात. लिथियमची हलकी, महाग आणि जास्त टिकणारी. लेड-अ‍ॅसिड असेल तर चार दिवस गाडी काढली नाही तरी चार्जिंग चुकवू नका, रिकामी पडून राहिली की ती मरते. जुनी गाडी मिळत असेल तर लाजू नका. पुष्कळ गाड्या घरच्या आजारी माणसासाठी घेतल्या जातात आणि थोड्या वापरून विकल्या जातात. नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून सौदा करा.

सरकारी योजनांबद्दल अनेक वाचक विचारतात. केंद्राची, अपंगांना साधनं देणारी एडिप योजना, २०१७ पासूनची राष्ट्रीय वयोश्री योजना आणि २०२४ची मुख्यमंत्री वयोश्री योजना, तिघींनाही उत्पन्नाची अट आहे. शेवटच्या योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र व्यक्तीला ३,००० रुपये एकदाच मिळतात. त्यांत काठी, कमोड खुर्ची येईल, स्कूटर नाही. बँकेची पेन्शन असल्याने तुम्ही बहुधा यांत बसणार नाही. पण यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर काढा. आणि जुन्या कररचनेत असाल तर ४० टक्के किंवा त्यावरच्या अपंगत्वाला ७५ हजारांची आणि ८० टक्क्यांवर सव्वा लाखाची वजावट मिळते, ती घेत नसाल तर सीएंना विचारा.

'लोक बघतील' असंही तुम्ही लिहिलंय. बघतील, पहिला महिनाभर. दोन जास्तीच्या चाकांची कायनेटिक पहिल्यांदा बँकेसमोर लावलीत तेव्हाही बघितलं असेल, आणि नंतर त्याच लोकांनी तुम्हाला पार्किंगची जागा राखून ठेवली असेल.

मुलाला आज एवढंच कळवा की गाडी अजून मागवू नकोस. डॉक्टरांची वेळ घ्या, आठवड्याची वही आणि मापं त्याला पाठवा, आणि त्या मापांत बसणाऱ्या दोन-तीन गाड्या शोधायचं काम त्यालाच द्या. दुकानदाराला सांगा, गाडी सोसायटीत आणून दाखवणार असाल तरच बोलू. ती येईल तेव्हा कॅलिपर घालून, कुबडी मागे लावून, वाण्यापर्यंत जाऊन या. वाटेत कुठे अडलात ते मला लिहा, मग तीन की चार यावर पुन्हा बोलू.